छोटं संग्रहालय: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वस्तूंचा संग्रह आहे. त्याची नोंदवही मी सांभाळतो, म्हणून फोनही मलाच येतात. कुणाकडं आजोबांचे मोडी कागद निघतात, कुणाच्या बांधावर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) असतो, कुणाच्या शाळेतल्या संग्रहालयाला कुलूप लागलेलं असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न वर, कटकटीचे खाली. कायद्याविषयी लिहिलंय ते समजुतीपुरतं. प्रत्यक्ष तंटा असेल तर वकील गाठा.

१. आमच्या वाड्यातही पुष्कळ जुनं सामान आहे. संग्रहालय म्हणायला किती वस्तू लागतात?

आकड्याला महत्त्व नाही. प्रत्येक वस्तूची नोंद हवी, लोकांनी येऊन बघायची ठरलेली वेळ हवी आणि वस्तूंचं काय करायचं हे एका माणसाच्या लहरीवर अवलंबून नसावं. सोप्यात टांगलेल्या तलवारी ही घराची शोभा झाली. त्यातली कुठली पणजोबांची आणि कुठली जत्रेत विकत घेतलेली, हे लिहून काढायला बसलात की संग्रहालयाला सुरुवात झाली म्हणायची. नावाजलेली संग्रहालयंही एकेका माणसाच्या नादातून उभी राहिली आहेत. औंधचं १९३८ चं संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या हौसेतून झालं, पुण्याचं केळकर संग्रहालय दिनकर केळकरांच्या घरातल्या जमवाजमवीतून. फरक एवढाच, की त्यांच्या मागं संग्रह सांभाळणारी व्यवस्था उभी राहिली.

२. आपल्या भागात बघण्यासारखी संग्रहालयं कुठं आहेत?

कित्तूरच्या किल्ल्यात राणी चन्नम्मांच्या नावाचं सरकारी संग्रहालय १९६७ पासून आहे. बेळगावात टिळकवाडीला वीरसौध आहे, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं स्वतःचं संग्रहालय आहे. जाण्याआधी प्रवेशाची चौकशी करा. धारवाडला कन्नड संशोधन संस्था (स्थापना १९३९), विजापूरला गोल घुमटासमोरचा नगारखाना, कोल्हापूरला टाउन हॉल. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे, ती चुकवू नका. याखेरीज शाळांतली काचेची कपाटं, वाचनालयांच्या खोल्या, मठ आणि बस्ती (जैन मंदिरं) यांतल्या पोथ्यांच्या पेट्या. पुढची उत्तरं मुख्यतः या शेवटच्या गटाबद्दल आहेत.

३. एवढी मोठी संग्रहालयं असताना गल्लीतल्या खोलीची गरज काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा थोडी चेष्टा असते. त्याला मी एक मापटं दाखवतो.

पितळेचं आहे. बुडाला एकदा डाग दिलेला. काठावर तपासणीचे शिक्के ठोकलेत, त्यातला एक दुसऱ्यावर चढलाय. आत बोट फिरवलं तर भाताच्या दाण्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं लागतं. मोठ्या संग्रहालयात यापुढं पाटी लागली असती, ‘मापटे, पितळ’. आमच्या नोंदवहीत ज्यांनी दिलं त्या काकूंनी सांगितलेलं लिहिलंय: सुगीत गड्यांना मजुरीचं भात याच मापानं मोजून दिलं जाई. सासूबाई वरून हात फिरवून सपाट माप द्यायच्या. सून कारभारी झाली तेव्हा ती शीग (काठावर चढलेली रास) ठेवून द्यायला लागली, आणि त्यावरून घरात वर्षभर अबोला होता.

शीग आणि सपाट यांत मजुराच्या घरी किती फरक पडत असेल, ते त्या चार ओळींतून कळतं. ही माहिती कोल्हापूरला किंवा धारवाडला नसणार; ती देणारी बाई इथंच राहते, आणि तिनं सांगितली कारण लिहून घेणारा ओळखीचा होता. शिवाय ही मापं झपाट्यानं गेली. दशमान वजनमापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, आणि दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हा हिशोब तोंडपाठ असलेली पिढी आता ऐंशीच्या पुढं आहे. वस्तू नंतरही मिळेल, भंगारात मिळेल. सांगणारं माणूस मिळणार नाही.

४. मग आपल्या भागातल्या मोलाच्या वस्तू बाहेर कशा गेल्या?

काही फार लांब गेल्या. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली, १२०४ ची. त्याच काळातले बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हलशीला कदंबांचे ताम्रपट निघाले. ते फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात वाचून छापले, म्हणून हलशी म्हणजे जुनी पलाशिका हे आपल्याला पुराव्यानिशी माहीत आहे. वडगाव-माधवपूरला १९७० च्या दशकात सातवाहनकाळचं नगर खणून काढलं ते धारवाडच्या विद्यापीठातल्या लोकांनी.

यात चोरीच झाली असं म्हणता येत नाही. वाचणारे, छापणारे, जपणारे तिकडं होते, वस्तू तिकडं गेल्या. पण वडगावात आज राहणाऱ्या किती जणांना पायाखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे हे ठाऊक आहे? एखाद्या शाळेत निदान नकाशा आणि फोटो असते तरी पुष्कळ झालं असतं. खणलेली मूळ वस्तू मिळवायची खटपट सोडा; तिची चांगली प्रतिमा आणि तीन भाषांतली माहिती मागा. ती मिळण्यासारखी असते.

५. छोटी संग्रहालयं बंद का पडतात? पैसे नसतात म्हणूनच ना?

पैसा हे कारण आहे, पण बहुधा तिसरं किंवा चौथं.

पहिलं कारण माणूस. या भागातले बरेचसे संग्रह एकेका मास्तरांनी जमवलेले आहेत. रविवारी सायकल काढायची, ओळखीच्या घरी चहा घ्यायचा, माळ्यावरचं सामान उतरवून बघायचं. कुठली वस्तू कुणाकडून आली हे सगळं मास्तरांच्या डोक्यात. वहीत नुसतं ‘समई, पितळ, १’. मास्तर निवृत्त होतात, पुढं वारतात, आणि त्या समईला पितळेच्या भावापलीकडं काही किंमत उरत नाही. माझ्या मते संग्रहालय तिथंच संपतं, कुलूप लागायला पुढं दहा वर्षं लागली तरी.

दुसरं कारण जागा. शाळेला कॉम्प्युटरची खोली हवी असते, आहाराचं धान्य ठेवायला जागा हवी असते. संग्रहालयाची खोली तक्रार करत नाही, म्हणून तीच आधी रिकामी होते. सामान ‘तात्पुरतं’ जिन्याखाली जातं. मराठी शाळांचा पट घसरलाय, तिथं तर वर्गच एकत्र होतात; मग कपाटं कोण बघणार?

तिसरं, पाऊस. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात जूनपासून चार महिने भिंती ओल धरतात. माकडांनी दोन कौलं सरकवली की पुरे. रोज उघडणाऱ्या खोलीत हे चारच दिवसांत दिसतं. बंद खोलीत दसऱ्याच्या झाडलोटीला कळतं, तोवर कागदांना बुरशी आणि लाकडाला वाळवी लागलेली असते.

आणि मग पैसा. तोही असतो, पण समारंभापुरता. उद्घाटनाला वर्गणी निघते, मंडप, शाल-श्रीफळ, कोनशिलेवर नावं, सगळं होतं. दुसऱ्या दिवसापासून दार उघडायला कोण, याचा ठराव झालेला नसतो. नवीन काचेच्या शोकेसवर खर्च करण्याऐवजी त्या पैशात गावातलीच एखादी बाई अर्धा दिवस ठेवावी, हे मी प्रत्येक मंडळाला सांगतो. खोली उघडी राहते, झाडली जाते, कुणी आलं तर ती दाखवते. शोकेसवर देणगीदाराचं नाव घालता येतं आणि पगारावर घालता येत नाही, म्हणून हे कुणाला पटत नाही.

६. आमचं संग्रहालय अजून चालू आहे. ते उतरणीला लागलंय का, हे कसं ओळखायचं?

नोंदवहीतली शेवटची तारीख बघा. ती पाच वर्षांपूर्वीची असेल तर उत्तर मिळालं. नंतरच्या खुणा अशा: पाट्यांची शाई उन्हानं उडालेली, सेलोटेप पिवळा पडून गळलेला, एकच किल्ली आणि ती परगावी राहणाऱ्या माणसाकडं, बँकेच्या खात्यावर सही करणाऱ्या तिघांपैकी दोघं वारलेले. अभिप्रायवहीत फक्त पाहुण्यांच्या ‘स्तुत्य उपक्रम’ अशा ओळी असतील आणि मुलांचं एकही वेडंवाकडं वाक्य नसेल, तर तीही खूणच समजा.

७. सरकारकडून अनुदान मिळतं का?

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे आणि नोंदणीकृत संस्था, न्यास यांना तिच्यात अर्ज करता येतो. राज्यात पुरातत्त्व, संग्रहालये व वारसा खातं आहे, मुख्य कचेरी म्हैसूरला. पण अर्जाआधी घर आवरावं लागतं. संस्था नोंदलेली हवी, दरवर्षीची कार्यकारिणीची यादी आणि हिशोब निबंधकांकडं गेलेले हवेत, लेखापरीक्षण झालेलं हवं, जागेचे कागद संस्थेच्या नावे हवेत. आपल्याकडची निम्मी मंडळं इथंच अडकतात. वाचनालयाची एक खोली वापरताय आणि कागदावर काहीच नाही, असं असेल तर आधी वाचनालयाशी साधा भाडेकरार किंवा वापराचा करार करून घ्या.

८. पाट्या मराठीत लावायच्या की कन्नडमध्ये? आमच्याकडं यावरून मंडळ फुटायची वेळ आली.

दारावरच्या फलकापुरता वाद घालण्यात अर्थ नाही. कर्नाटकात नामफलकावर ६० टक्के कन्नड हवं असा २०२४ चा कायदा आहे, तो पाळा. आतल्या पाट्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असाव्यात. यात मी कुणाची मर्जी राखत नाहीये, संग्रहच तसा आहे. लिंगायत देसायांच्या वाड्यातून मोडीतले मराठी कागद निघतात आणि पक्क्या मराठा गावाच्या वेशीवर हळेकन्नड (जुन्या कन्नड) लेखाचा दगड उभा असतो. शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं, अशी एकाच शहराची दोन राज्यं होती. १ नोव्हेंबर १९५६ नंतरच्या सीमेच्या भांडणात आपण कुठल्याही बाजूला असू, शोकेसमधला कागद त्याच्या आधीचा आहे.

व्यवहारातली एक सूचना. कन्नड मजकूर मोबाइलवरून भाषांतर करून लावू नका, लोक हसतात. शाळेतल्या कन्नड शिक्षिकेला बोलवा, वस्तू हातात द्या आणि तुमच्या घरी हिला काय म्हणत होते ते लिहा म्हणा. आमच्याकडं अशाच एका दुपारी एका शेतीच्या अवजाराचा उपयोग आम्ही उलटा लावलाय हे बाईंनी सांगितलं, आणि दोन्ही भाषांतली पाटी बदलली.

९. घरातली वस्तू संग्रहालयाला द्यायची आहे. काय काय करावं लागतं?

कागदावर द्या. देणगी की उसनवार हे आधी ठरवा, आणि तसं दोन प्रतींत लिहून दोन्हीकडच्या सह्या करा. संग्रहालयानं तुम्हाला पावती द्यायला हवी आणि पावतीवर वस्तूचा नोंदक्रमांक हवा. क्रमांक देत नसतील तर वस्तू देऊ नका, हे मी आमच्याबद्दलही म्हणतो.

मग वस्तूबरोबर हकिकत द्या. कुठल्या गावची, कुणाची, कशासाठी वापरली, शेवटी कुणी आणि केव्हा वापरली, मोडली असेल तर कशी मोडली. ‘फार जुनी आहे, तीनशे वर्षांची’ असं सांगू नका. बहुतेक वेळा ती तेवढी नसते आणि नसली म्हणून काही बिघडत नाही. निपाणीकडच्या एका घरानं तंबाखूच्या वखारीतली हिशोबाची चोपडी दिली. फार जुनी नाही, पण कुठल्या बाईनं किती विड्या वळल्या याची रोजची नोंद तिच्यात आहे. आमच्या चार तलवारींपेक्षा अभ्यासक तिच्यावर जास्त वेळ बसतात.

१०. वडिलांनी दिलेली वस्तू आता आम्हाला परत हवी आहे. मिळेल का?

उसनवार दिली असेल आणि कागद असेल तर मिळायलाच हवी. देणगी असेल तर नाही. कुठलाच कागद नसेल तर भांडण अवघड होतं, कारण हलवता येणारी वस्तू देण्याच्या हेतूनं हातात ठेवली की नोंदणीशिवायही दान पुरं होतं, असं कायदा म्हणतो. मग वडिलांचा हेतू काय होता, यावर साक्षी काढत बसावं लागतं. वाटणीच्या वेळी भाऊबंदांना अचानक अशा वस्तू आठवतात, असा अनुभव आहे. संग्रहालयानं अशा वेळी दार लावून घेऊ नये. वस्तूचा चांगला फोटो काढून फ्रेम करून घरी द्यावा आणि लग्नकार्याला देवघरातली समई हवी असेल तर लेखी घेऊन दोन दिवस द्यावी. आमच्याकडं हे चालतं. संग्रहालयशास्त्राच्या पुस्तकात बसणार नाही, पण गावात बसतं.

११. आजोबांचे मोडी कागद आहेत. कसे ठेवायचे? लॅमिनेट करून घेऊ का?

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेनं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं आणि पुढं कुणालाच ते सोडवता येत नाही. सेलोटेप नको, फेविकॉल नको, स्टेपल नको. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पावसाळ्यात ठेवले तर आत घाम धरून बुरशी येते.

कागद ज्या क्रमानं बांधलेत तो क्रम मोडू नका, क्रमातही माहिती असते. कोरड्या दिवशी, सावलीत, सुती कापडावर उघडा. मऊ ब्रशनं धूळ झाडा. मग धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा. जुने लोक रुमालात दप्तर बांधत ते उगीच नव्हे. वेखंडाची पुरचुंडी बाहेरच्या बाजूला ठेवा, कागदाला टेकू देऊ नका. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लावून नको. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर एकदा उघडून बघा.

वाचून घ्यायचं असेल तर मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, फोटो द्या. मोडी वाचायला शिकवणारे वर्ग अधूनमधून भरतात. घरातल्याच एखाद्या मुलीला पाठवा.

१२. तांब्या-पितळेच्या जुन्या वस्तू चिंचेनं घासून लखलखीत करून देऊ का?

नको. घासताना धातूचा थर जातो, त्याबरोबर शिक्के आणि कोरलेली नावंही पुसट होतात. कोरड्या मऊ कापडानं पुसा, एवढंच. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. रोजच्या पूजेतली भांडी मात्र खुशाल घासा.

१३. शेत नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडलं तर तुम्ही घ्याल का?

परस्पर घेणार नाही. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कर्नाटकाचा याबाबत १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. तहसीलदारांकडं लेखी द्या आणि पोच घ्या. लपवलं तर शिक्षा होऊ शकते आणि सापडणाऱ्याचा हक्कही जातो.

कळवण्याआधी हे करा: जिथं सापडलं तिथं मोजपट्टी किंवा निदान काडेपेटी ठेवून फोटो काढा, किती खोलीवर होतं ते लिहा, बाजूची खापरं फेकू नका. नाण्यांचं गाडगं असेल तर गाडगंही तेवढंच महत्त्वाचं. बांधकाम थांबेल या भीतीनं लोक रात्रीत सगळं बुजवतात. ती भीती मला समजते, पण म्हणून मी तुमची नाणी गुपचूप कपाटात ठेवून घेणार नाही.

१४. देवळाच्या जीर्णोद्धारात जुनी मूर्ती भंगलेली निघाली. नदीत सोडायची का?

कृपा करून सोडू नका. मलप्रभेत किंवा घटप्रभेत सोडलेली मूर्ती पुन्हा कुणाला दिसत नाही. पंचांशी बोला, पुजाऱ्यांकडून जो विधी करायचा तो करून घ्या आणि मूर्ती देवळाच्याच आवारात छपराखाली उभी करा. जागेवर ठेवणं शक्य नसेल तर पुरातत्त्व खात्याला कळवून मग संग्रहालयाचा विचार करा. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि तिला नोंदणीचे नियम आहेत.

वीरगळांचंही तसंच. त्यांना ऑइलपेंट फासू नका. चंदेरी रंगाखाली लढणाऱ्या वीराचं तोंडसुद्धा राहत नाही. तेल ओतायची प्रथा असेल तर पायथ्याशी ओता.

संग्रहालयात ठेवलेल्या मूर्तीला कुणी हळदकुंकू लावलं तर? आमच्याकडं मूर्तीपुढं एक पाट ठेवलाय, फुलं त्याच्यावर ठेवावीत. भांडण मिटलं.

१५. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणतात. तुम्ही किंमत सांगाल का?

नाही. आणि ‘आधी नोंदणी फी भरा, मग पैसे खात्यावर येतील’ असं सांगणारी प्रत्येक जाहिरात फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून चाललेल्या या प्रकाराबद्दल खुद्द बँकेनं २०२१ मध्ये सावध केलं होतं. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, शिवराई हे घराघरांत आहे. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला बंदी आहे. जमिनीत सापडलेल्या नाण्यांसाठी प्रश्न १३ पाहा.

१६. संग्रहातले जुने कागद जमिनीच्या दाव्यात किंवा दाखल्यासाठी वापरता येतील का?

हे विचारणारे अलीकडं वाढलेत. आमच्याकडून मिळतं ते पाहणं आणि छायाप्रत. मूळ कागद फक्त न्यायालयानं मागवला तरच, तोही पोच घेऊन, बाहेर जातो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर न्यायालय तो खरा असल्याचं गृहीत धरू शकतं. इथं ‘योग्य ताबा’ म्हणजे काय ते सिद्ध करायला पुन्हा नोंदवहीच लागते: कागद कुणाच्या घरातून, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीनं आला. तुमच्या वकिलाला वहीच्या त्या पानाचीही प्रत मागायला सांगा. कागदात काय लिहिलंय ते मी वाचून दाखवीन, पण कुणाचा हक्क बसतो हे सांगणार नाही. दोन्ही बाजूचे लोक माझ्या गावचे आहेत.

१७. सगळ्याचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले तर खोली कशाला हवी?

फोटो काढाच. खोलीला काही झालं तर तोच आधार. प्रत्येक वस्तूची पाठ, बूड आणि शिक्के यांचाही फोटो हवा, शेजारी पट्टी हवी आणि फाइलचं नाव म्हणजे नोंदक्रमांक हवा. ‘आयएमजी २०४५’ अशा नावाचे हजार फोटो असणं आणि नसणं सारखंच.

पण मुलगा मापट्यात हात घालून शीग किती बसते ते बघतो (प्रश्न ३), ते पडद्यावर होत नाही. आणि इंटरनेटवरची खोलीही बंद पडतेच. एका गावात सगळे फोटो एका हुशार पोरानं स्वतःच्या खात्यावर चढवले. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, पासवर्ड गेला. खातं मंडळाच्या नावानं काढा आणि पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीबरोबर बंद पाकिटात ठेवा.

१८. शाळेची सहल आणायची आहे. मुलं कंटाळतात हो.

चाळीस मुलं एकदम आणू नका, दहा-दहा आणा. मुलांना आधी घरी पाठवून आजीला एकच प्रश्न विचारायला सांगा: तुमच्याकडं भात कशानं मोजत? मग इथं आली की तीच बोलतात. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन आपल्याकडं सुट्टीत येतो, त्याच्या मागं लागू नका. सुगीनंतरचे दिवस बरे.

१९. मंडळानं संग्रहालय बंद करायचं ठरवलंय. वस्तूंचं काय करावं?

बंद करणं हा गुन्हा नाही. वाईट तऱ्हेनं बंद करणं मात्र सुधारता येत नाही.

आधी नोंदवही वाचवा. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, तीन प्रती करा, त्यातली एक तालुक्याबाहेर ठेवा. वहीत तुटक लिहिलं असेल तर वस्तू देणाऱ्यांच्या घरी जाऊन आत्ताच विचारा. पुढच्या वर्षी कोण असेल कोण नसेल. मग उसनवारीच्या वस्तू सह्या घेऊन परत करा. उरलेल्यांसाठी त्याच तालुक्यातलं दुसरं वाचनालय, शाळा किंवा मठ शोधा; ते जमलं नाही तरच धारवाड, कोल्हापूरला विचारा. मोठ्या संस्थांना न विचारता टेम्पो भरून नेऊ नका, त्यांच्याकडंही जागेची ओरड आहे. एका घरानं किंवा एका बलुतेदारानं दिलेल्या वस्तू एकत्रच द्या. सुताराची पटाशी एका गावाला आणि रंधा दुसऱ्या गावाला गेला, की दोन्हीकडं नुसतं लाकूड-लोखंड. कोरलेले दगड आणि मूर्ती यांच्याबाबत प्रश्न १४ प्रमाणं आधी खात्याला कळवा. लिलाव करू नका.

हे सगळं होईपर्यंत खोलीची किल्ली दोघांकडं असू द्या आणि पितळी मापं व तराजूची वजनं रोज मोजा. भंगारवाल्याकडं पहिली तीच जातात.